पंचनाम्याबाहेरचा मोह

अकोल्यावर प्रवासलेख लिहितो आहे असे सांगताच आधी घरातली माणसेच हसली. त्यांचेही खरेच आहे. आमच्या गावी उतरणारा पाहुणा स्टेशनाबाहेर येऊन पहिली चौकशी करतो ती शेगावच्या गाडीची. चुकून एखादा राहिलाच, तर राजराजेश्वराचे दर्शन घेतो, असदगडाच्या बुरुजाकडे मान उंच करून पाहतो, मोर्णेच्या पुलावर नाकाला रुमाल लावतो, आणि दिवस चैत्र-वैशाखाचे असतील तर 'तुम्ही इथे राहता तरी कसे हो?' असे विचारून संध्याकाळच्या गाडीने परत जातो. पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला की तापलेल्या शहरांच्या यादीत अकोल्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकते. बाकीचे दहा महिने आम्हांला कोणी विचारीत नाही.

तरीही अकोल्याहून उत्तरेला गेले की अकोट लागते, आणि अकोटच्या डोक्यावर सातपुडा उभा आहे. या डोंगराशी माझा परिचय पस्तीस वर्षांचा. पण तो सारा कागदावरचा. मी वकील. वकिलीच्या उमेदवारीच्या काळात ज्या केसेस कोणी घेत नसे त्या माझ्याकडे येत, आणि त्यांत दारूबंदीच्या केसेस फार. त्यामुळे मोह हे झाड मला माहीत झाले ते पंचनाम्यातून. 'एक लोखंडी ड्रम, एक जर्मनचा टोप, एक मातीचे मडके, आत उग्र वासाचा मोहाचा सडवा. नमुना बाटलीत सीलबंद करून उर्वरित सडवा जागीच ओतून नष्ट केला.' या वाक्यातला एक शब्दही पस्तीस वर्षांत बदलला नाही. आरोपी बदलत, पंच फितूर होत, मॅजिस्ट्रेट बदलून जात; सडव्याचा वास मात्र कायम उग्रच असे. ते झाड कसे दिसते, फूल कसे असते, ते मडके कोणी कशासाठी चुलीवर ठेवले होते, हे कोणी मला विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. आपल्याला काय करायचे आहे? तारीख मिळाली की झाले.

ते विचारायला अमेरिकेतून भाचा यावा लागला.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहरी नोकरीला आहे. संगणकाचे काम, पगार चांगला, आणि शनिवार-रविवारी छंद काय, तर घरी बिअर करणे! मोटार ठेवण्याच्या खोलीत त्याने पातेली, नळ्या, काचेचे मोठे बुधले अशी सारी सरंजामी मांडली आहे. त्याने फोटो दाखवले तेव्हा मला, खोटे कशाला सांगू, मुद्देमालाची यादीच दिसू लागली.

"तिकडे हे चालते?" मी वकिली आवाजात विचारले.

"मामा, चालते म्हणजे काय! कायदाच आहे," तो म्हणाला, आणि मला त्या देशाचा दारूचा इतिहास ऐकावा लागला. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे सबंध अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी द्राक्षाची वाइन करण्याची मुभा मिळाली, पण बिअरची मुभा राहून गेली. ती मिळायला १९७८ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली: घरात दोन प्रौढ माणसे असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करावी, घरी प्यावी, मित्रांना पाजावी, विकू नये. विलायतेत तर परवान्याची अट १९६३ सालीच गेली होती. पुढे ओबामांच्या कारकिर्दीत खुद्द व्हाइट हाऊसच्या स्वयंपाकघरात, तिथल्याच पोळ्यांतला मध घालून बिअर झाली आणि २०१२ साली तिची कृती सरकारने छापून लोकांना दिली. "फक्त गाळायची नाही," भाचा म्हणाला. "भट्टी लावून अर्क काढला की तिकडेही गुन्हा."

म्हणजे फरक आंबवण्याचा आणि गाळण्याचा! आमच्या १९४९ च्या कायद्याने, जो मुंबईचा म्हणून जन्मला, राज्यपुनर्रचनेनंतर आम्हां वऱ्हाडकरांनाही लागू झाला आणि आता महाराष्ट्राचे नाव लावतो, त्याने हा सूक्ष्म भेद ठेवलेला नाही. परवान्यावाचून आंबवलेत तरी गुन्हा आणि गाळलेत तरी गुन्हा.

हे संभाषण चालले होते तेव्हा आमच्या घरी कुरडयांचा घाट होता. सौ.ने गहू तीन दिवस भिजवले होते, रोज पाणी बदलत होती, आणि तिसऱ्या दिवशीचा तो आंबूस गोड वास घरभर पसरला होता. भाचा पातेल्यावर वाकला, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "मामी, तू तर अर्धी बिअर केली आहेस!" सौ.ने त्याच्या हातून झाकण काढून घेतले. पण मग त्यानेच समजावून सांगितले, आणि ते तिला माझ्यापेक्षा लवकर कळले. बिअरीचे धान्य म्हणजे सातू. तो भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा. नाचणीचे सत्त्व करताना आपण करतो तेच. मग तो भरडून पासष्ट ते अडुसष्ट अंश गरम पाण्यात तासभर ठेवला की पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळायचे, निववायचे, यीस्ट सोडायचे, आणि दोन आठवडे थंड जागी ठेवायचे.

"थंड म्हणजे?"

"वीस अंश."

सौ. खो खो हसली. आमच्या माजघरात त्या वेळी एकोणचाळीस होते.

दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून पेनाएवढे एक यंत्र काढून घरातल्या नळाचे, विहिरीचे आणि शेजारच्या बोअरचे पाणी तपासले. बिअर करणारा माणूस म्हणे पाण्याचा फार विचार करतो. विलायतेतल्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम आहे म्हणून तिथली कडू बिअर नावाजली. बोहेमियातल्या पिल्सेनचे पाणी अगदी मृदू म्हणून तिथली सोनेरी बिअर जगभर गेली. बोअरच्या पाण्यात यंत्र बुडवताच आकडा चढू लागला तो थांबेना. मी त्याला खारपाणपट्टा काय चीज आहे ते सांगितले. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला हा पट्टा: जमीन काळीभोर, कापूस उत्तम, आणि खालचे पाणी खारट. पाऊस पडला तर पीक, नाही तर विहीर असूनही शेत कोरडे. या गावांत मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे खंगतात. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणणाऱ्याने ते पाणी चाखले नसावे.

"मग इथले लोक पीत काय होते?" भाच्याने विचारले. त्याला पाणी म्हणायचे नव्हते. मी डोंगराकडे बोट दाखवले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. अकोला-अकोट ४५ किलोमीटर. ही गाडी पूर्वी छोट्या रुळांवरून अकोटच्याही पुढे, डोंगरातून थेट खांडव्याला जाई, आणि धूळघाटाला स्वतःभोवती गिरकी घेऊन चढण चढे. ती गिरकी पाहायला आम्ही पोरे खिडकीला लोंबकळत असू. २०१७ साली ती गाडी थांबली. अकोटपर्यंत मोठे रूळ होऊन २०२२ साली गाडी पुन्हा सुरू झाली. पुढचा मार्ग वाघांच्या जंगलातून नेऊ नये असे ठरले आणि त्याला वळसा घालायचा निर्णय झाला. वाटेत पूर्णेच्या अलीकडे-पलीकडे तोच खारा मुलूख, आणि एक स्टेशन लागते: गांधी स्मारक रोड. मोहाची दारू पाहायला निघालेल्या दोघा माणसांनी त्या पाटीकडे पाहून एकमेकांकडे न पाहणेच पसंत केले.

अकोटहून जीप. जीपवाला बोलका होता. "वकीलसाहेब, हे पोट्टं अमेरिकेतून आलं अन् याले मोहाची पाह्याची हाय? आमच्याकडं तं लोकं मोहाची सोडून इंग्लिशच्या मांगं लागले, बाप्पा!"

अकोट सोडले की हवा पालटते. पाणी गोडे होते. केळी, संत्री दिसू लागतात, आणि समोर नरनाळा किल्ला. नरनाळ्यावर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यात भर घालीत नाही. पण महाकाली दरवाजा पाहिल्यावाचून कोणी परत येऊ नये. फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्काच्या वेळचा, पंधराव्या शतकाच्या अखेरचा. दगडावर कोरलेल्या त्या अक्षरांसमोर उभे राहिले की आपले हस्ताक्षर सुधारावेसे वाटते. वर नऊगजी तोफ आहे, तलाव आहेत, आणि वानरे आहेत. शहानूरला पायथ्याशी आम्ही मुक्काम केला.

पहाटे पाचला एका शाळामास्तरांनी उठवले. ते माझ्या एका जुन्या पक्षकाराचे नातलग. कोरकू भाषा त्यांना उत्तम येते. जंगलाच्या कडेला पाऊण तास चाललो. आधी आला तो वास: किंचित कुबट, किंचित मनुकांसारखा, आणि मागे तुपासारखा काहीतरी स्निग्ध. मग अंधारात आवाज. टप्. थोड्या वेळाने टप्. टप्. पाऊस नाही, वारा नाही. पाने झडून गेलेल्या त्या उंच झाडावरून फुले आपणहून गळत होती. मोहाचे फूल रात्री उमलते, वटवाघळे त्याच्यावर येतात, आणि उजाडताना फुलाचा तो मांसल, फिकट पिवळा पेला देठ सोडतो. मी एक उचलून तोंडात टाकले. भिजवलेल्या बेदाण्यासारखे गोड! पस्तीस वर्षे 'उग्र' हे विशेषण वाचलेल्या माणसाला हा मोठाच पुराव्याचा प्रश्न होता.

बायका आणि पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली आधीच पोचली होती. फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्यातून वणवा लागतो म्हणून वनखाते चिडते, आणि त्यातही तथ्य आहे. पोरे मोठमोठ्याने बोलत होती. मास्तर म्हणाले, "अस्वलाला कळावं म्हणून. त्यालाही मोह आवडतो." कोणाला नाही आवडत? हरणे खातात, माकडे खातात, आणि ज्या वर्षी धान्य संपे त्या वर्षी माणसे उकडून, भाजून, भाकरीत मिसळून खात. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राची मान खाली घालायला लावली, तो हाच मुलूख. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखर असते. भाच्याच्या सातवाला मोड आणा, गरम पाण्यात ठेवा असा जो सोपस्कार लागतो, तो इथे झाडानेच उरकून ठेवलेला असतो.

त्या दिवशी दुपारी आम्ही ज्या गावात गेलो त्याचे नाव सांगणार नाही. पुढे जे लिहितो आहे त्याबद्दल मला कोणी साक्षीला बोलावू नये, एवढीच त्यामागची दृष्टी.

हे गाव जुने नाही. मेळघाटात १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. पुढे वाघाला मोकळे रान मिळावे म्हणून आतली गावे उठवायचे ठरले. गुल्लरघाट, केलपाणी, धारगड, बारूखेडा, अमोना, सोमठाणा, नागरतास अशी गावे गेल्या पंधरा-सोळा वर्षांत डोंगरावरून उतरून अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. कुटुंबाला दहा लाख रुपयांची योजना होती. पैसा काहींचा टिकला, पुष्कळांचा टिकला नाही. २०१९ च्या जानेवारीत काही कुटुंबे पुन्हा वर जाऊन बसली, तेव्हा चकमक उडाली आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. ही हकीकत त्या वेळी वर्तमानपत्रांत आलेली आहे.

कोरकूंचे गाव ओळखायला सोपे. सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची रांग. खाली आल्यावरही त्यांनी रांग सोडलेली नाही. मात्र डोंगरावरच्या गावात घरामागे मोह असे. कोणते झाड कोणत्या घराचे हे ठरलेले असे, आणि बापाकडून मुलाकडे येई. सातबारावर त्याची नोंद नव्हती एवढेच. इथे घरामागे होती हरभऱ्याची मोकळी शेते आणि एक विजेचा खांब.

मास्तरांनी ज्या घरी नेले तिथे एक म्हातारी होती, तिची सून होती, दोन नातवंडे होती. म्हातारीचा नवरा चार वर्षांमागे गेला. कोरकूंच्या रीतीप्रमाणे मृताच्या नावाने सागाची कोरीव फळी उभी करावी लागते; तिला मुंडा म्हणतात. घोड्यावर बसलेला माणूस, वर सूर्य आणि चंद्र असे तिच्यावर कोरतात. जमेल तेव्हा, ऐपत होईल तेव्हा हा विधी करतात, कधी वर्षांनी. तोवर मेलेला माणूस पुरता आपल्या माणसांत गेलेला नसतो. आणि या विधीला, किंबहुना कोणत्याही विधीला, सिडू लागते. सिडू म्हणजे मोहाची दारू. भूमका म्हणजे गावचा पुजारी ती आधी जमिनीवर शिंपडतो, देवाला देतो, पितरांना देतो, मग माणसांनी घ्यायची. दुकानातली बाटली त्याला चालत नाही. म्हातारीचे म्हणणे याहूनही अवघड होते: फुले आपल्याच झाडाची हवीत. नवऱ्याने ज्या झाडाखाली आयुष्य काढले, त्याची.

झाड वर, गेटच्या आत. तिच्या माहेरचे गाव अजून उठलेले नव्हते. तिच्या भाच्याने फाल्गुनात तिकडून दोन पायल्या सुकी फुले आणून दिली होती. तिच्या झाडाची ती नव्हती, पण त्याच डोंगराची होती. यावर तिने मन समजावले होते.

ती फुले पाच दिवसांपूर्वी मडक्यात पाण्यात घातली होती. भाच्याने परवानगी घेऊन मडक्याला कान लावला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आत बारीक चुरचुर चालली होती, पावसात भिजलेल्या मातीसारखी. त्याच्या काचेच्या बुधल्यातही हाच आवाज येतो म्हणाला, पण त्यासाठी तो पाकिटातून यीस्ट आणतो, तापमान मोजतो, भांडी औषधाने धुतो. इथे यीस्ट फुलाबरोबरच आले होते आणि तापमान विचारायला कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी म्हातारीने चूल पेटवली. मडके चुलीवर, त्यावर बुडाला भोके पाडलेले दुसरे मडके, त्याच्या आत एक लहानसे भांडे, आणि सर्वांत वर थंड पाण्याने भरलेले जर्मनचे टोपले. सांधे चिखलाने आणि चिंधीने लिंपलेले. खालून वाफ वर येते, थंड टोपल्याच्या बुडाला लागते, थेंब होते आणि आतल्या भांड्यात टपकते. वरचे पाणी कोमट झाले की काढून दुसरे घालायचे. किती वेळा पाणी बदलले यावर म्हातारीचे सगळे गणित. पहिल्या पाण्याची दारू कडक, पुढची उतरत जाणारी; 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण मराठीत सहज वापरतो, तो या चुलीवरचा आहे. चौथ्या पाण्याला तिने ऊर्ध्वपातन थांबवले. घड्याळ नाही, तापमापक नाही. टोपल्याच्या कडेला बोट लावून ती ठरवीत होती. शेवटी तिने चमचाभर आगीवर टाकले. निळी ज्योत भपकन उठली. भाच्याने हळूच मला सांगितले की अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळते, पाणी शंभराला. दोहोंच्या मधल्या त्या चिंचोळ्या वाटेवरून ही बाई बोटाने चालते आहे.

त्याला तिने पळसाच्या पानाच्या द्रोणात थोडी दिली. तो ओठाला लावणार, तोच तिने हात धरला आणि काहीतरी विचारले. मास्तर म्हणाले, "ती विचारते, तुमच्या घरी करता तेव्हा पहिली कोणाला देता?"

भाचा जरा घुटमळला आणि म्हणाला, "मित्रांना."

ते ऐकून म्हातारीने मान डोलावली. मग त्याच्याच द्रोणातले चार थेंब तिने जमिनीवर पाडले. मी आयुष्यभर न पिणारा माणूस. मी फक्त वास घेतला. पंचनाम्यातले विशेषण या टप्प्याला लागू आहे, एवढे प्रांजळपणे नमूद करतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण त्या घरात सूनही होती, आणि ती सबंध वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. भाच्याने उत्साहाने तिला सांगितले, की ही कला आहे, जगाने पाहावी अशी आहे.

"तुमी पाहाले आले, पाह्यलं, आता चालले," ती म्हणाली. "मामंजी कशानं मेले माह्यतीये का? पन्नीच्या दारूनं. माहा घरवाला बी पेते. सासू म्हंते, आमची वेगळी, दुकानातली वेगळी. मार तं दोन्हीचाबी सारखाच लागते."

कोणी काही बोलले नाही. म्हातारीला मराठी कळत होते. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले.

सुनेचे बोलणे एका बाईचे गाऱ्हाणे म्हणून सोडून देता येत नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली तीत बायकांचा वाटा मोठा होता. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. दोन्ही वेळा लोक भांडले. मी दोन्ही बाजूंची वकीलपत्रे मनातल्या मनात घेऊन पाहिली आहेत. डोंगरात दारू सणाला होत असे, कारण फुले मोजकी आणि खटपट फार. दोन पायल्या फुलांसाठी आठवडा जाई. सपाटीवर ती रोज, नगद पैशाने, चार पावलांवर मिळते. पन्नीतली, गूळ-नवसागराची, किंवा त्याहून वाईट. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मेली ती मिथाइल अल्कोहोल मिसळलेल्या दारूने. म्हातारीची कला आणि ही विषाची धंदेवाईक भट्टी यांना कायदा एकाच कलमाने तोलतो, हे मला वकील म्हणून खटकते. पण सुनेच्या पाठीवरचा वळ कोणत्या कलमात बसतो ते सांगण्याची हिंमत मला त्या दारात झाली नाही.

कायद्यानेही या फुलाशी सरळ व्यवहार कधी केला नाही. इंग्रजांनी १८७८ च्या आबकारी कायद्याने घरोघरची भट्टी बंद केली आणि ठेकेदाराचे दुकान आणले; उरणच्या भट्ट्यांतून मुंबईला मोहाची दारू जाऊ लागली. ठाणे-कुलाब्याचे आदिवासी तरीही घरी गाळतात म्हणून १८९२ साली चक्क मोहाच्या फुलांचाच कायदा केला. फूल जवळ बाळगणे गुन्हा! कारण उघड होते, सरकारचा महसूल बुडत होता. साहेब गेला, फुलांवरचे निर्बंध पुढेही राहिले. आपल्या सरकारने ते सैल केले २०२१ साली. म्हणजे आता फुले वेचा, साठवा, विका, लाडू करा. मडक्यात घातलीत की पुन्हा पंचनामा. आणि या गावापासून डोंगर ओलांडून गेले की मध्यप्रदेश लागतो. तिथे हेच कोरकू, हीच भाषा, सोयरिकीही इकडच्या तिकडे. तिथे आदिवासींना घरच्यापुरती मोहाची दारू गाळण्याची सवलत आहे, आणि अलीकडे तर तिथल्या सरकारने आदिवासींनी गाळलेली मोहाची दारू वारशाची म्हणून बाटलीत भरून विकायला काढली आहे. एक भाऊ इकडे आरोपी, दुसरा तिकडे वारसदार. असा मुद्दा माझ्या उमेदवारीच्या काळात सुचता तर दोन-चार केसेस जिंकलो असतो.

मुंडा बसवण्याचा विधी अक्षय्य तृतीयेनंतर झाला असे मास्तरांनी कळवले. आम्हांला बोलावणे होते, पण भाच्याची रजा संपली होती आणि एकट्याने जाणे मला प्रशस्त वाटले नाही. भाचा जाताना सुकी फुले बरोबर नेणार होता. तिकडच्या विमानतळावर झाडपाल्याची कसून तपासणी होते असे आठवल्यावर त्याने पुडी सौ.च्या हवाली केली. तिने तुपात परतून, गूळ घालून लाडू केले. बरे झाले होते.

श्रावणात एका तारखेसाठी अकोटला गेलो होतो, तेव्हा वाकडी वाट करून त्या गावात डोकावलो. घरामागे, विजेच्या खांबाच्या अलीकडे, मोहाची पाच रोपे लावलेली दिसली. वनखात्याच्या रोपवाटिकेतून सुनेने आणली होती. मला नवल वाटलेले पाहून ती म्हणाली, "फुलं इकाले. अन् बियाचं तेल निंघते." सासूने ती रोपे दुसऱ्याच हिशेबाने आणवली होती हे मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. मोहाला फुलोरा यायला आठ-दहा वर्षे तरी लागतात. दोन रोपे बकरीने खाल्ली होती. उरलेल्या तिन्हींभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण होते, आणि म्हातारी तिथेच बसून एक फट काट्याने बुजवीत होती.